तीन नंबरच्या तळ्यात पाणी निरंक

धर्मपाल तायडे हा काही खोटं बोलणारा माणूस नव्हता. बायकोच्या हातची भाजी खारट झाली तर तोंडावर 'खारट झाली' म्हणायचा आणि मग दोन दिवस त्याचं फळ भोगायचा. असा हा सरळ माणूस अकरा वर्षं रोज सकाळी सव्वासात वाजता, चष्मा लावून, निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात सरकारी रजिस्टरात खोटं लिहीत होता. 'तळे क्र. ३ : पाणी निरंक.' म्हणजे पाण्याचा थेंब नाही, तळं कोरडंठाक आहे. आणि हे लिहिताना खिडकीतून त्याच्या कानावर काय यायचं, तर त्या कोरड्याठाक तळ्यातल्या बदकांची भांडणं.

हे कसं झालं ते सांगतो.

धानोरापेठ हे आमच्या वऱ्हाडातलं तालुक्याचं गाव. अमरावतीहून अकोल्याकडं जाताना हायवे सोडून उजव्या हाताला वळलं की अर्ध्या तासात लागतं. दोन जिनिंग, एक कॉलेज, पाच मंगल कार्यालयं, आणि सगळ्या गावानं न्हाऊन-धुऊन सोडलेलं पाणी लेंडी नदीकडं नेणारा एक मोठा नाला. चाळीस वर्षांमागं कोण्या शहाण्या इंजिनियरनं या नाल्याच्या तोंडाशी चार उथळ तळी खणवली. घाण पाणी पहिल्या तळ्यात यायचं, गाळ खाली बसायचा, मग दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि चौथ्यातून नदीत जाईपर्यंत ऊन आणि शेवाळ मिळून ते बरंचसं निवळवून टाकायचे. ना मशीन, ना वीज. तळ्यांच्या मधले वॉल्व्ह फिरवायला एक माणूस ठेवला की झालं. तो माणूस म्हणजे धर्मपाल.

आधी तो नळाच्या पाण्यावर होता. वॉल्व्हमनला गावात काय मान असतो, हे ज्याच्या घरी चार दिवसांआड नळ येतो त्यालाच विचारा. पण एकदा एका वजनदार माणसाच्या गल्लीत ऐन लग्नाच्या दिवशी पाणी सोडायचं राहिलं, आणि धर्मपालची बदली गटाराच्या तळ्यांवर झाली. सोयरे लग्नकार्यात भेटले की नाक धरून विचारायचे, "काय धर्मपालभाऊ, अत्तर लावलं का नाई आज?" तो वरवर हसायचा. पहिला महिनाभर बिचारा घरी गेल्यावर शर्टाच्या बाह्या हुंगून पाहायचा.

मग हिवाळा आला. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तिसऱ्या तळ्यावर केशरी रंगाची, बदकाहून मोठी पाखरं उतरलेली दिसली. दीडदोनशे तरी असतील. धर्मपाल बांधावर उभा राहिला तो राहिलाच. पस्तीस वर्षांचा बाप्या, पण तोंड उघडं ते उघडंच. पुढं कॉलेजातल्या एका मास्तरांनी त्याला सांगितलं की हे चक्रवाक, हिमालयापलीकडून येतात. एवढ्या लांबून यायचं, आणि उतरायचं कुठं? तर धानोरापेठच्या गटारात! त्याला आधी हसू आलं, आणि मग फार बरं वाटलं. ज्या जागेला आपले सोयरे नाक मुरडतात तिथं यायला कोणी हिमालय ओलांडतं, ही काय लहान गोष्ट झाली?

तेव्हापासून त्याचा जीव तिथं गुंतला. लांब लाल टांगांचे शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या, पानांवरून चालणारे कमळपक्षी, चोचीला हळदी-कुंकू लावल्यासारखी दिसणारी बारमाही बदकं, सगळ्यांची घरं त्याला ठाऊक झाली. कुठल्या पाणकणसाच्या बेटात कोण बसलंय हे तो बोट न दाखवता नुसत्या भुवईनं सांगायचा, कारण बोट दाखवलं की ती उडतात. आणि जाणार तरी कुठं ती? नदीवर जलकुंभीचं हिरवं गोधडं अंथरलेलं, खाली डांबरासारखं पाणी. जवळपासचे गावतलाव कुणी बुजवले, कुणी मासोळीच्या ठेक्यात जाळ्यांनी भरून टाकले. चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात पाखरांना पाय टेकायला ही चार तळी तेवढी उरली होती.

अकरा वर्षांमागं नवा प्लांट आला. मोठमोठ्या टाक्या, मोटारी, घरघर पंखे. आता पाणी टाक्यांमध्ये शुद्ध होऊन पाइपानं थेट नदीत जाणार, तळ्यांचं काम संपलं. वरून हुकूम आला: चारही तळी रिकामी करा, कोरडी ठेवा, आणि कोरडी आहेत हे रोज रजिस्टरात लिहा.

धर्मपालनं हुकूम पाळला. श्रावणाचे दिवस होते. कमळपक्षी पाण्यावरच्या पानांवर अंडी घालतो. पाणी उतरलं तशी पानं उतरली, चिखलाला टेकली, आणि तिसऱ्या दिवशी गावची कुत्री चालत चालत अंड्यांपाशी गेली. धर्मपाल बांधावरून दगड मारत होता आणि दगड पोचत नव्हते. चिखलात उतरला तर मांडीपर्यंत रुतला, तिथूनच ओरडत राहिला. चार दिवस त्याला अन्न गेलं नाही. "आपल्या हातानं झालं वो हे," एवढंच तो बायकोला म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

पुढं एक नंबरच्या तळ्यावर बगीचा झाला, दोनवर पार्किंग, चारवर कंत्राटदाराचं सामान पडलं. तीन नंबर 'पुढील कामासाठी राखीव' म्हणून तसंच राहिलं. प्लांटच्या पाइपाला तीन नंबरकडं जाणारा एक जुना वॉल्व्ह होता, हे फक्त धर्मपालला माहीत होतं. एका सकाळी त्यानं गंज खरवडला, तेल सोडलं, आणि चाक तीन आटे फिरवलं. शुद्ध झालेलं पाणी, नाहीतरी नदीत जाऊन सडणारच होतं ते, तळ्यात आलं. मग हात धुऊन तो केबिनमध्ये गेला आणि रजिस्टरात लिहिलं, पाणी निरंक.

साहेब आले नि गेले. सह्या करायला सगळे केबिनमध्येच बसायचे, प्लांटच्या मागं वासाच्या भीतीनं कुणी फिरकायचं नाही. आणि फिरकलंच कुणी, तर धर्मपाल म्हणायचा, "पावसाचं साचलं जी, दोन दिवसात आटते." हे तो मे महिन्यात कसं सांगायचा ते त्याचं त्यालाच माहीत.

घरी मात्र हे लपलं नाही. त्याची बायको ज्योत्स्ना विहारातल्या महिला मंडळाची पुढारी. दर रविवारी दोघं वंदनेला जायचे. पंचशील म्हणताना धर्मपालचा आवाज पहिल्या शिलाला खणखणीत लागायचा आणि चौथ्याला येईपर्यंत पुटपुटणं व्हायचं. ज्योत्स्नाच्या कानातून असल्या गोष्टी सुटत नाहीत.

"काहो, चवथ्या शिलाले तुमची बोलती काहून बंद होते?"

मग त्यानं सगळं सांगितलं. ती ज्वारीचं पीठ मळत होती, तिचे हात थांबले.

"म्हंजे जीव मारू नका या शिलासाठी तुमी खोटं बोलू नका हे शील मोडून राहिले?"

"दोन्ही धरनं जमून नाई राहिलं मले. मंग म्या पहिलं धरलं. पहिलं हाय तं मोठंच असंन ना थे?"

"मले काय इचारता? मी काय भंतेजी हाओ?" ती पुन्हा पीठ मळायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "नुसतं पाखरं पाहाले मले एकडाव घेऊन चला."

तो तिला घेऊन गेला. ती छत्री घेऊन बांधावर बसली, आणि कमळपक्ष्याचा नर अंड्यांवर बसतो, मादी नाही, हे कळल्यावर तिनं नवऱ्याकडं अशी काही नजर टाकली की त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्या दिवसानंतर चौथ्या शिलाबद्दल तीही काही बोलली नाही.

अशी अकरा वर्षं गेली. सुखाचीच म्हणायची. मग यंदा, त्याच्या निवृत्तीला आठ महिने राहिले असताना, ओमप्रकाश साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. ओमप्रकाश साहेब म्हणजे प्लांटचे इंजिनियर, अकोल्याचे, तीन वर्षांपासून इथं. माणूस वाईट नव्हता. तळ्यात पाणी आहे हे त्यांना माहीत होतं आणि 'निरंक'वर ते मुकाट्यानं सही करत होते. आता असं करणाऱ्याला चांगला म्हणायचं की वाईट, ते तुम्हीच ठरवा.

"तायडे, प्लांटचा गाळ टाकायला जागा उरली नाही. तीन नंबर त्यासाठी धरलाय. पावसाळ्यात काम सुरू होईल," साहेब म्हणाले.

"साहेब, पावसाळ्यात तं अंड्यांवर बसतात थे!"

"कोण बसतात? कागदावर तिथं पाणीच नाही, तायडे."

धर्मपाल केबिनबाहेर आला.

त्यानं रागिणी मॅडमना फोन केला. रागिणी मॅडम अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, दर हिवाळ्यात रविवारी विद्यार्थी घेऊन तळ्यावर यायच्या. धर्मपालला काका म्हणायच्या. विद्यार्थ्यांना रांगेत उभं करून सांगायच्या, "पुस्तकं नंतर वाचा, आधी तायडेकाकांना ऐका. जे दिसलं तेच सांगतात, एक पाखरू वाढवून सांगत नाहीत." तेव्हा धर्मपाल लाजून बुटाकडं बघायचा.

मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. त्यांनी सांगितलं की जिल्ह्याची एक समिती असते, ती एखाद्या जागेला पाणथळ म्हणून संरक्षण देऊ शकते. मग तिथं गाळ तर सोडाच, मातीचं टोपलंसुद्धा कुणाला टाकता येत नाही. पंधरा वर्षांच्या त्यांच्या नोंदी होत्या, फोटो होते, एकशे बेचाळीस जातींची यादी होती. "होईल काका, नक्की होईल," त्या म्हणाल्या, आणि धर्मपालला त्या रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

"फक्त एक सिद्ध करावं लागेल," मॅडम जाता जाता म्हणाल्या होत्या. "इथं बारा महिने पाणी असतं हे. आमच्या नोंदी सगळ्या हिवाळ्यातल्या. पण त्याची काळजी नाही. प्लांटवर रोजची नोंद असणारच. आपण माहितीच्या अधिकारात अकरा वर्षांची रजिस्टरं मागवू, तीच सगळ्यात पक्की."

धर्मपाल समोर उभा होता. तोंड उघडलं असतं, एक वाक्य बोलला असता, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. 'मॅडम, रजिस्टर मागू नका.' एवढंच म्हणायचं होतं हो! पण ज्या बाईनं आपल्याला पोरांसमोर खरं बोलणारा म्हणून उभं केलं, तिला कसं सांगावं की मी रोज सकाळी खोटं लिहितो? आज सांगतो, उद्या सांगतो. फोन हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा. मग त्यानं स्वतःची समजूत घातली की चार हजार पानं कोण वाचणार? साहेब लोक वाचतात कुठं? अकरा वर्षं कुणी वाचली नव्हती, या अनुभवावर तो विसंबला. ज्योत्स्ना म्हणाली, "अहो सांगून टाका. मॅडम काई खात नाई तुमाले." तो म्हणाला, "सांगतो." दोन महिने त्यानं सांगितलं नाही.

रजिस्टरांच्या प्रती सुनावणीच्या आदल्या दिवशी मॅडमच्या हातात पडल्या. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू होता.

"काका, हे अक्षर तुमचं आहे?"

"हो जी."

"प्रत्येक पानावर निरंक लिहिलंय."

"हो."

"पण पाणी तर..."

"पानी व्हतं, मॅडम. रोज व्हतं. तळं सुकवायचा हुकूम व्हता, म्हनून म्या तसं लिवलं."

मग मॅडम म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं काका, तर मी ही रजिस्टरं मागवलीच नसती. गावातल्या लोकांचे जबाब घेतले असते, उन्हाळ्यात येऊन फोटो काढले असते. आता याच प्रती प्लांटकडून थेट समितीकडंही गेल्यात. माझ्याच अर्जावरून." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर धर्मपालला सोसलं असतं.

सुनावणी अमरावतीला होती. ज्योत्स्नानं इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून दिला. बसस्टँडवर ओमप्रकाश साहेब भेटले, त्यांनाही बोलावलं होतं. चहा पाजून हळूच म्हणाले, "तायडे, तिथं काही बोलू नका. त्या नोंदींखाली सही माझी आहे. तुम्ही सहा महिन्यांत घरी जाल, मला अजून वीस वर्षं काढायचीत." धर्मपालनं कपातला चहा तसाच ठेवला.

समितीचे अध्यक्ष शांत, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मॅडमचे फोटो एकेक करून पाहिले, चक्रवाकाचा फोटो तर शेजारच्याला दाखवला. मग रजिस्टर उघडलं. "मॅडम, पक्षी सुंदर आहेत. पण तुम्हीच मागवलेला पुरावा सांगतो की इथं अकरा वर्षं पाणी नाही. हिवाळ्यात पावसाचं साचलेलं असेल, त्यावर पक्षी येत असतील. साचलेल्या पाण्याला आम्हाला पाणथळ म्हणता येत नाही."

मॅडम बोलायला लागल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून धर्मपाल उठला. ओमप्रकाश साहेबांनी मान खाली घालून फोनमध्ये डोकं घातलं.

"साहेब, थे मी लिवलं. खोटं लिवलं. बारा महिने पानी राह्यते तिथं, कमरेइतकं. एक दिवस कोरडं नाई राह्यलं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुम्ही तेव्हा खोटं लिहिलं, की आता खोटं बोलताय?"

"तवा, साहेब."

"पाणी कुठून आलं मग?"

"म्या सोडलं. जुना वॉल्व्ह हाय एक. रोज थोडं थोडं सोडत गेलो."

"कोणाच्या परवानगीनं?"

धर्मपालनं मान हलवली, कोणाच्याच नाही. अध्यक्षांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडं पाहिलं, काही कुजबुज झाली, आणि त्यांनी खरोखर वाईट वाटल्यासारख्या आवाजात सांगितलं, "तायडे, तुम्ही खरं बोललात हे मी मानतो. पण मग तर प्रश्नच मिटला. कर्मचाऱ्यानं परवानगीशिवाय सोडलेलं पाणी म्हणजे कागदावर गळती. गळतीला संरक्षण देता येत नाही. तळं कोरडं असलं तरी अर्ज फेटाळावा लागतो, भरलेलं असलं तरी."

धर्मपाल उभाच होता. शिपायानं खांद्याला हात लावला तेव्हा त्याला कळलं की पुढच्या अर्जवाल्याचं नाव पुकारलंय. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उठून तो खरं बोलला होता, आणि ते खरंही त्याच खोट्यासारखं त्याच्यावर उलटलं. निघताना मॅडमनी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं आपला हात हळूच काढून घेतला.

जुलैमध्ये कंत्राटदार आला, सोबत ओमप्रकाश साहेब. बांध एका जागी फोडायचा, पाणी एका दिवसात नाल्यात, असा त्याचा बेत होता. जेसीबी बांधावर चढलाही होता. धर्मपाल त्याच्या सोंडेखाली जाऊन बसला. "बांध फोडला तं सारंच वाहून जाईन, साहेब. पिल्लं चालती झाल्याशिवाय... ऑक्टोबरपर्यंत थांबा. तीन महिने मांगतो फक्त."

"तायडे, तुमच्यावर आधीच चौकशी लागली आहे," ओमप्रकाश साहेब म्हणाले. त्यांच्यावरही लागली होती, ते त्यांनी सांगितलं नाही. "सात दिवस देतो. वॉल्व्हनं उतरवा. आठव्या दिवशी जेसीबी."

सात दिवस! तळ्याच्या तळाचा वॉल्व्ह दुसऱ्या कुणाला उघडता येत नव्हता, तो अडकायचा, मागं घेऊन पुढं न्यावा लागायचा. म्हणजे ज्यानं अकरा वर्षं पाणी भरलं त्यानंच ते काढायचं. त्यानं रोज पाव आटा उघडला. पाणी हळू उतरलं तर निदान ज्यांना पाय आहेत ती पिल्लं चालत नदीपर्यंत जातील, असा त्याचा हिशेब. कुत्र्यांसाठी ज्योत्स्ना काठी आणि छत्री घेऊन पहाटेपासून बांधावर. विहारातल्या दोन बाया तिच्यासोबत यायच्या. चौथ्या दिवशी एक हळदी-कुंकू बदक नऊ पिल्लं घेऊन रस्त्याला लागलं. धर्मपाल मागं मागं चालला, दोन्ही बाजूंच्या मोटारसायकली हात दाखवून थांबवत. लोक हसत होते, व्हिडिओ काढत होते. नदीपर्यंत सात पिल्लं पोचली. ती जलकुंभीवर चढली, खाली पाणी सापडेना, तशी वरच्या वरच धडपडत राहिली, आणि घारी फिरायला लागल्या. धर्मपालनं तिथून तोंड फिरवलं.

पाणकोंबड्या उडून गेल्या, अंडी ठेवून. कमळपक्ष्याची चार घरटी चिखलाला टेकली. त्यातलं एक उन्हात पडलं होतं, आणि त्यावर तो नर बसलाच होता, पाणी नसलं तरी, पानं सुकली तरी, उठायला तयार नाही. ज्योत्स्ना सातव्या दिवशी अंधार पडेपर्यंत त्याच्या समोर काठी घेऊन बसली. शेवटी धर्मपालनं तिला उठवलं. सकाळी गेले तर चिखलावर कुत्र्यांचे पाय उमटलेले होते आणि दोन पिसं होती. ज्योत्स्ना रडली. धर्मपालही रडला, जेसीबीवाल्याच्या समोर, तोंड न लपवता.

सप्टेंबरअखेर तो निवृत्त झाला. निरोपाला नारळ आणि शाल मिळाली, चौकशी मात्र चालूच राहिली. तोपर्यंत तीन नंबर प्लांटच्या गाळानं भरत आलं होतं. खाली काळा, लोण्यासारखा मऊ गाळ आणि त्यावर बोटभर पाण्याची साय. बांधावरून पाहिलं की घाण दिसायची. पण ऊन तिरपं झालं की ते लख्ख चकाकायचं. धर्मपाल रिकामा माणूस, सवयीनं सकाळी तिकडं फिरायला जायचा. त्याच्या मनात आलं, वरून हे कसं दिसत असेल? वरून तर पाणीच दिसत असणार.

दिवाळीनंतर अकराव्या दिवशी पहिले सहा चक्रवाक आले. नेहमीसारखे बोलत बोलत आले, एक चक्कर मारली, आणि पाय पुढं करून सरळ खाली उतरले. पाच जणांनी टेकताच पंख मारले आणि कसेबसे वर गेले. सहावा रुतला. पंखांना गाळ लागला, तो झटकायला गेला तर अजून लागला. धर्मपाल चपला काढून आत घुसला. कमरेपर्यंत गेला, हातानं गाळ मागं सारत, आणि एकदाचं ते पाखरू छातीशी धरून बाहेर आणलं. बगीच्याच्या नळाखाली धुतलं. धुता धुता खालून तो केशरी रंग निघाला, त्यानं कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. पाखराची मान त्याच्या मनगटावर पडली. अंगात ऊब होती, पण ते गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून धर्मपाल रिकामा तेलाचा पिंपा आणि एक लाकूड घेऊन बांधावर बसायला लागला. वऱ्हाडात ज्वारी राखताना पाखरं हाकलायला असाच पिंपा वाजवतात, लहानपणी त्यानं दुसऱ्यांच्या शेतात रोजानं हे काम केलं होतं. सकाळी सहा ते अकरा, दुपारी तीन ते अंधार पडेपर्यंत. आकाशात कुठंही ठिपका दिसला की उठायचं आणि बडवायचं. लोक म्हणाले, तायडे येडा झाला. रागिणी मॅडम एका रविवारी एकट्याच आल्या, थोडा वेळ त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. मग आल्या तशा निघून गेल्या.

डिसेंबरात एका सकाळी मोठा थवा आला, दीडेकशेचा. उत्तरेकडून, खूप वरून. धर्मपालला आवाज आधी ऐकू आला. तो उठला आणि पिंपा बडवायला लागला. थवा खाली आला, वळला, पुन्हा खाली आला. पिढ्यान्पिढ्यांची त्यांची जागा, ते असे सहज कसे ऐकतील? तिसऱ्या चकरेला ते इतके खाली आले की त्यांचे काळे पाय दिसले. धर्मपालनं लाकूड टाकून दिलं, दोन्ही हात वर करून बांधावरून धावत सुटला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला लागला.

"जा रे! जा इथून! काईच नाई राह्यलं इथं, जा बापहो!"

त्याला चांगलं माहीत होतं की चाळीस किलोमीटरात त्यांना उतरायला दुसरी जागा नाही. तरी तो ओरडत होता आणि पळत होता. थवा उठला, दक्षिणेकडं वळला, आणि जिनिंगच्या धुराड्यामागं दिसेनासा झाला.

मग ज्योत्स्ना त्याचा डबा घेऊन आली. "आले व्हते काय?" तिनं विचारलं.

"आले व्हते," धर्मपाल म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "हाकलले म्या."

तिनं डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसून राहिला.